डाव्या खिशातला खडू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला त्याला हरवायचं होतं. मन रमवायचं, हात चालता ठेवायचा, नवीन काहीतरी शिकायचं, असलं सगळं मी लोकांना सांगायचो. खरी गोष्ट एवढीच की वीस वर्षं ज्याच्या समोर बसून कॅरम खेळलो, त्या माझ्या जोडीदाराला भर हॉलमध्ये, चार माणसांदेखत, एकदा, फक्त एकदा चारीमुंड्या चीत करायचं. पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही म्हणाल तर म्हणा. बायकोही तेच म्हणायची.

मी बंदरावर मासेमारीच्या लाँचांची इंजिनं दुरुस्त करतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. जोडीदार एका लाँचवर तांडेल, म्हणजे लाँच कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं हे ठरवणारा. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा, पण संध्याकाळी मंडळाच्या खोलीत कॅरमवर बसलो की माझा. कॅरमच्या डबल्समध्ये जोडीदाराशी बोलायला बंदी असते. आम्हाला गरजच नव्हती. त्याने नाक ओढलं की समजायचं, राणी माझ्यासाठी ठेव. मी ठेवायचो आणि तो काढायचा. समोरचे बिचारे म्हणायचे, ह्याला बारा महिने सर्दी कशी होते?

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्याच लाँचच्या इंजिनाला हात घातला. पट्टा फिरत असताना हात जवळ न्यायचा नाही, हे मी आजवर किती जणांना बजावलं असेल. त्या दिवशी घाई माझीच. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या पेरापासून गेलं. दहा बोटं होती, पण जायचं ते नेमकं स्ट्रायकर मारायचं बोट गेलं.

पहिले दोन आठवडे तांडेल रोज घरी यायचा. पिशवीत कधी सुरमई, कधी पापलेट. दारातूनच बायकोच्या हातात पिशवी द्यायचा, "कसा आहे गो तो?" म्हणून तिलाच विचारायचा. मी तिथेच खुर्चीवर बसलेला, पण माझ्या पट्टीकडे एकदा बघेल तर शपथ! आणि तिसऱ्या आठवड्यात मला कळलं की मंडळाच्या स्पर्धेत त्याने दुसऱ्याबरोबर नाव दिलं. माझ्या बोटाचे टाके अजून निघायचे होते हो. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तो सुरमई घेऊन आला तेव्हा मी आतून ओरडलो, "सांग त्याला, मासे नवीन जोडीदाराच्या घरी ने!" त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि गेला. ती सुरमई मी खाल्ली नाही. बायकोने खाल्ली, आणि छान होती म्हणाली.

मधल्या बोटाने कॅरम खेळणारे आहेत. मीही सहा महिने धडपडलो. पण स्ट्रायकर माझं ऐकेना. एका संध्याकाळी डोकं सटकलं आणि स्ट्रायकर खिडकीतून बाहेर भिरकावला. त्यानंतर मंडळाची पायरी चढलो नाही.

हातखंब्याचा हॉल मला सापडला तो एका बसमुळे. मुंबईहून एका इंजिनाचा पार्ट यायचा होता आणि गोव्याला जाणारी बस तो हायवेवरच्या हातखंब्याला उतरवून पुढे जाणार होती. मी स्कूटर काढून गेलो, तर बस दोन तास लेट. चहा प्यायला एका हॉटेलात शिरलो आणि मागच्या पत्र्याच्या हॉलमधून आवाज आला. टक्! मग छोटासा घरंगळल्याचा आवाज. मग पुन्हा टक्. कॅरमवाल्याच्या कानाला कळतंच की दोन गोष्टी नीट एकमेकींवर आदळल्या. चहा तसाच ठेवून मी मागे गेलो.

हॉलवाला मुंबईला एका क्लबात टेबलं सांभाळायच्या कामाला होता. पंचवीस वर्षं तिथे काढून गावी परतला आणि हायवेवरचे प्रवासी थांबतील म्हणून काठीने चेंडू भोकात घालायच्या पूल खेळाचं जुनं टेबल आणून ठेवलं. प्रवासी कसले थांबतायत! ते चहा पितात, आडोशाला जाऊन येतात आणि गाडीत बसतात. टेबलाभोवती जमायचे ते आजूबाजूचे, आणि सगळे कॅरमवर वाढलेले.

"खेळणार?" त्याने विचारलं.

"बोट नाही," मी हात वर केला.

त्याने माझा हात उलटसुलट करून बघितला. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तो हात नीट बघत होतं. मग म्हणाला, "काठी मागच्या हाताने धरायची, ती तीन बोटांत. पुढे टेकायचा तो डावा. ह्या बोटाचं इथे काही काम नाही."

काही काम नाही! अहो, मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला मिठीच मारणार होतो.

पण त्याच दिवशी त्याने मला फक्त हाकलून द्यायचं बाकी ठेवलं. त्याचं असं झालं की मी पांढऱ्या चेंडूला टोला दिला आणि तो मध्येच दमून थांबला. आमच्याकडची हवा दमट, टेबलाचा कपडा ओल धरतो. मी म्हटलं, बोर्ड जड झालाय. माझ्या स्कूटरच्या डिकीत कॅरमच्या पावडरचा डबा होता. खेळ सोडून इतके दिवस झाले तरी का होता ते विचारू नका. हॉलवाला पुढे गिऱ्हाईक बघायला गेला होता, तेवढ्यात मी डबा आणला आणि हिरव्या कपड्यावर चांगली मूठभर पावडर भुरभुरवली. शेजारी उभे असलेले दोघेतिघे "बरं केलंत, कधीपासून जड चालतंय" म्हणाले! एकाने तर तळहाताने पसरवायला मदत केली. हॉलवाला परत आला आणि त्याने जी बोंब मारली ती हायवेच्या पलीकडे ऐकू गेली असेल.

"कपडा आहे तो, मिस्त्री! कपडा! लाकूड नाही!"

बस आली, पार्ट आला, आणि मी ब्रश घेऊन टेबल झाडत होतो. नंतर त्याने मला दाखवलं, टेबलाखाली दोन बल्ब लावून ठेवलेले असतात. कपडा असा खालून सुकवायचा.

शिमगा नुकताच झाला होता. त्या दिवसापासून मी आठवड्यातून चारदा दुपारी हातखंब्याला जायला लागलो. बंदरावरची कामं सकाळी उरकायचो, जेवण दोन घासांचं, की लगेच स्कूटरवर. आणि घरी काय विचारता? हॉलवाल्याने सांगितलं होतं, काठी सरळ गेली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. सरावासाठी रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून काठी आतबाहेर करायची, काचेला न लावता. मी पडवीतल्या लाकडी पलंगावरची गादी काढली, सरबताची बाटली आडवी ठेवली आणि रोज सकाळी चहाच्या आधी दोनशे वेळा. टिंग वाजलं की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात तर टिंगटिंगटिंग, देवळात बसल्यासारखं.

"अहो, शेजारी विचारतात, आरती सुरू केलीत का म्हणून," बायको म्हणाली.

"विचारू दे."

"आणि चहा गार होतो त्याचं काय?"

दहा दिवसांनी मी न वाजवता चाळीसपर्यंत पोचलो. एकशे दहापर्यंत पोचलो त्या दिवशी तिला हाक मारून बोलावलं आणि तिच्यासमोर करून दाखवायला गेलो. तिसऱ्यालाच टिंग. तोंडाला पदर लावून आत गेली ती.

मजा पुढे सुरू झाली. कॅरममध्ये सोंगटी गेली की काम झालं. स्ट्रायकर कुठेही जाऊन थांबू दे, आपण उचलून पुन्हा पट्टीवर ठेवतो आणि आपल्या सोयीने मारतो. पुलात तसं नाही. पांढरा चेंडू, आम्ही त्याला पांढरी म्हणायला लागलो, जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका. म्हणजे चेंडू भोकात घालायचाच, पण त्याच फटक्यात पांढरीला पुढच्या चेंडूच्या समोर नेऊन उभी करायची. मध्यावर मारली की ती थांबते. जरा वर मारली की मागोमाग धावते. आणि खाली, अगदी खाली मारली की ती आदळून चक्क मागे फिरते, तुमच्याकडे येते! पहिल्यांदा माझ्या हातून ती मागे फिरली तेव्हा मी इतक्या जोरात "आयला!" ओरडलो की हॉटेलातून दोन गिऱ्हाईकं बघायला आली. तो फटका मी त्या दुपारी साठ वेळा मारला. जमला नऊ वेळा. त्या रात्री झोपेत हात हलत होता म्हणे माझा.

सगळं जमत होतं. एक सोडून. चेंडू भोकात गेला की माझा डावा हात आपोआप पुढे जायचा आणि पांढरी उचलायचा! वीस वर्षं उजव्याने मारलं आणि डाव्याने स्ट्रायकर उचलला. त्या हाताला काय सांगणार? फटका सुंदर, पांढरी अगदी हवी तिथे थांबलेली, आणि माझ्या मुठीत. हॉलवाला डोक्याला हात लावायचा. माझ्या एकट्याचंच नव्हे, तिथल्या सगळ्यांचं हेच. दर खेळात कोणी ना कोणी उचलायचाच, मग सगळे हसायचे, "ठेव रे होती तिथे" म्हणायचे आणि खेळ पुढे चालू. तिथे कोणाला त्यात काही वाटेनासं झालं होतं. पण मला वाटायचं. मला हरवायचं होतं ना कोणालातरी.

मी काय नाही केलं? हातावर दुसऱ्या हाताने फटके मारले. हात कमरेला धरला, पाठीमागे धरला. चार फटके लक्षात राहायचं, पाचव्याला पांढरी मुठीत. घरी येऊन बायकोसमोर त्या हाताला शिव्या घातल्या. ती अंगणवाडीत शिकवते. भाजी चिरता चिरता म्हणाली, "पोर अंगठा चोखतं तेव्हा मी त्याला मारत नाही. हातात खेळणं देते. त्या हाताला दुसरं काम द्या काहीतरी."

काय डोकं आहे बघा बाईचं! काठीच्या टोकाला लावायचा तो निळा खडू असतो. तो टेबलाच्या कडेवर पडलेला असतो, ज्याला हवा तो घेतो. मी माझा वेगळा खडू घेतला आणि डाव्या खिशात टाकला. नियम असा, फटका मारला की डावा हात खिशात, खडू बाहेर, काठीला लावायचा, खडू परत खिशात. चेंडू गेला काय, न गेला काय, हात खिशात. पहिले आठ दिवस फटक्यागणिक तोंडाने "खडू" म्हणायचो. पोरं चिडवायची, मास्तर आले म्हणून. पण पंधरा दिवसांत हात शिकला. महिन्याभरात तो माझ्या आधीच खिशात जायला लागला. माझ्या सगळ्या पँटींचे डावे खिसे निळे झाले आणि बायकोने त्यांच्यासोबत भिजवलेले उशांचे पांढरे अभ्रेही निळे झाले. ती बोलली, मी ऐकून घेतलं. मी खुशीत होतो. दोन वर्षांत एवढा खुशीत नव्हतो.

मग पावसाळी बंदी लागली. लाँचा किनाऱ्याला लागल्या, खलाशी रिकामे झाले, आणि एक दिवस हॉलमध्ये शिरतो तर टेबलावर वाकलेला तांडेल!

मला बघून त्याने काठी खाली ठेवली. "बरा आहेस?" म्हणाला.

"बघतोयस ना," मी म्हटलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, हाताकडे नाही. अजूनही नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, जात्याच खेळाडू माणूस! मी चार महिने बाटलीत काठी घासतोय आणि हा हाफपँट घालून आला, तीन आठवड्यांत हॉलमधल्या सगळ्यांना हरवून बसला. पांढरी तोही उचलायचा, पण ते सगळेच उचलायचे. आमच्यात एकही खेळ झाला नाही. तो विचारायचा नाही, मी तर मुळीच नाही.

लाँचा पुन्हा पाण्यात उतरायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी हॉलवाल्याने स्पर्धा ठेवली. बोर्डावर स्वतःच्या हाताने नियम लिहिला: पांढरी उचलेल त्याचा फाऊल, पांढरी समोरच्याच्या हातात. म्हणजे समोरचा ती टेबलावर वाटेल तिथे ठेवून मारणार. "स्पर्धेत हसण्यावारी नेणार नाही," तो सगळ्यांना म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

उरलेल्या दिवसांत मी सराव केला नाही, मी पिसाटलो. सकाळी बाटली, दुपारी हातखंबा, संध्याकाळी पलंगाच्या कडेवर चेंडूऐवजी लिंबं मांडून कोन बघायचो. जिंकल्यावर त्याला काय म्हणायचं ते वाक्यसुद्धा तयार होतं: "आता शोध दुसरा जोडीदार." आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

"अहो, पण तो तुमच्याविरुद्ध खेळणार. हरल्यावर जोडीदार कशाला शोधेल?" बायको म्हणाली.

"त्याला कळेल."

"तुम्हाला कळलं तरी पुष्कळ." आणि रविवारी स्वतःच स्कूटरवर मागे बसली. त्या हॉलमध्ये आलेली ती पहिली बाई. हॉलवाल्याने तिच्यासाठी हॉटेलातली खुर्ची पुसून आणली.

आधीच्या फेऱ्यांचं सांगत बसत नाही. मी जिंकलो, तो जिंकला, आणि फायनलला आम्ही दोघे. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. बंदरावरचे, मंडळातले, सगळे आलेले. तीन खेळांची फायनल. पहिला त्याने घेतला, मला दोनच चेंडू घालू दिले. दुसरा मी घेतला, आणि कसा घेतला! सलग पाच, शेवटी तो खालून मारायचा मागे फिरणारा फटका, पांढरी मागे आली ती बरोबर काळ्याच्या समोर. हॉलमध्ये ओरडा झाला. तांडेलने काठी दोनदा जमिनीवर आपटली. कॅरममध्ये मी चांगली सोंगटी काढली की तो मांडीवर अशीच थाप मारायचा. मी तिकडे बघितलं नाही.

तिसरा खेळ. साध्या रंगाचे सात त्याचे, पट्टेवाले सात माझे, सात संपले की काळा. जो काळा घालेल तो जिंकला. हात घामाने भिजलेले, कपडा जड, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजतोय. माझा एक पट्टेवाला राहिला आणि माझा फटका चुकला. त्याचाही एकच राहिलेला. त्याने वाकून, डोळा बारीक करून, लांबून, कोपऱ्यात घातला. काय सुरेख घातला! आता राहिला फक्त काळा, आणि काळा भोकाच्या तोंडावर. संपलं होतं सगळं.

आणि तांडेलने डावा हात पुढे केला, पांढरी उचलली आणि टेबलाच्या आपल्या बाजूला मध्यावर आणून ठेवली. पट्टीवर स्ट्रायकर ठेवतात तशी. दोन बोटांनी जरा सरकवलीसुद्धा.

कोणाच्या लक्षातच आलं नाही हो! सगळा हॉल कॅरमवाल्यांचा. त्यांच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसलं. नियम लिहिणारा हॉलवालाही मान तिरकी करून काळ्याचा कोन बघत होता. त्या शंभर डोळ्यांत फक्त माझ्या डोळ्यांना दिसलं, कारण चार महिने मी दुसरं काय बघितलं होतं?

मला असं जिंकायचं नव्हतं. पण असं हरायचंही नव्हतं!

"थांब!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की तो दचकून सरळ झाला. "काय केलंस ते बघ!"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पांढरीकडे, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. हॉलवाल्याने कपाळावर हात मारला आणि मग जो हशा पिकला! माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. तांडेल पण हसला. पांढरी उचलून टेबलाभोवती फिरून माझ्यापाशी आला आणि हात पुढे केला. माझा डावा हात खिशात खडू धरून होता; मी खडू काढून टेबलाच्या कडेवर ठेवला आणि त्याच हातात पांढरी घेतली.

किती दिवसांनी! तळहातावर वजन, बोटांनी फिरवून जागा बघायची, इथे ठेवू की तिथे ठेवू. कॅरमवर बसल्यासारखंच वाटलं मला. मी ती ठेवली, वाकलो आणि शेवटचा पट्टेवाला टक् करून आत. पांढरी दोन हात पुढे गेली आणि काळ्याच्या समोर सरळ उभी राहिली. चार महिन्यांतला माझा सगळ्यात चांगला फटका!

डावा हात खिशात गेला. खिसा रिकामा. खडू टेबलाच्या कडेवर होता, मीच ठेवलेला. हात बाहेर आला. आणि मला शप्पथ काही कळलं नाही, तो निघाला पांढरीकडे. "अहो!" बायको किंचाळून उभी राहिली. माझी बोटं पांढरीपासून इंचभर असतील, तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट पकडलं.

तांडेल. लाँचचा दोर ओढणारा हात तो, मी कळवळलो. फाऊल झाला असता, पांढरी त्याच्या हातात आली असती, काळा भोकाच्या तोंडावर, आणि तो जिंकला असता. हे त्याला माझ्याआधी दिसलं होतं.

"खडू," तो हळू आवाजात म्हणाला. कडेवरचा खडू उचलून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "महिनाभर बघतोय तुझा डावा हात. मला पण जमवायचं होतं. माझ्या हाफपँटला खिसा नाही."

माझे डोळे भरून आले. लाज वाटली नाही. काठीला खडू लावत राहिलो, जरा जास्तच वेळ. तो बाजूला झाला नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघत होता, त्या थोट्या बोटाकडे, पहिल्यांदाच.

"माझी लाँच होती," तो म्हणाला. "तुझ्यासमोर बसून खेळायची हिंमत नव्हती रे. बोट दिसलं असतं समोर. म्हणून दुसरा घेतला."

"मेल्या, दोन वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"तू सुरमई परत पाठवलीस."

"परत नाही पाठवली. बायकोने खाल्ली."

"मार आता," तो म्हणाला.

मी मारला. काळा पडला. हॉलमध्ये काय आरडाओरडा झाला तो मला नीट ऐकूच आला नाही. हॉलवाला माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता, बायको अंगणवाडीतल्यासारख्या टाळ्या वाजवत होती. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण ते म्हणायला जीभ उचलेना. मी त्याला हरवलं होतं, सगळ्यांदेखत, आणि मला त्याला हरवायचंच नव्हतं. मला तो परत हवा होता. एवढी साधी गोष्ट कळायला मी चार महिने बाटल्या वाजवल्या.

पांढरी घरंगळत आमच्या बाजूला आली आणि कडेला टेकली. दोन डावे हात एकदम तिच्यावर पडले, माझा आणि त्याचा. आता कोणी फाऊल देणार नव्हतं.

"दिवाळीला जोडीची स्पर्धा ठेवतोय म्हणे हॉलवाला," तांडेल म्हणाला. मग टेबलाकडे बघत त्याने नाक ओढलं.

"बरं," मी म्हटलं, "काळा तुझ्यासाठी ठेवीन."